‘अँ शाँ दामूर’ पाहताना लोक उठून का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्याँ जने या फ्रेंच लेखकाने १९५० साली केलेला ‘अँ शाँ दामूर’, म्हणजे ‘प्रेमगीत’, हा कृष्णधवल मूकपट तुम्ही फिल्म सोसायटीत दाखवलात. चित्रपट जेमतेम २६ मिनिटांचा, तरी अर्ध्यातच काही जण उठून गेले आणि मागच्या रांगांमधून हसू फुटलं. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘यात अश्लीलतेपलीकडे आहे काय?’ असं विचारलं. हा चित्रपट ज्याला सगळ्यात जवळचा वाटेल असं तुम्ही गृहीत धरलं होतं, त्या तरुण समलिंगी सभासदाने तर ‘आमच्या प्रेमावर बोलायला तुम्हाला तुरुंग आणि पट्ट्याचे फटकेच सापडले का?’ असं सुनावलं. यात बरोबर कोण, आणि पुन्हा दाखवायचा झाला तर कसा दाखवावा, हे तुम्हाला हवं आहे.

प्रयोगशील चित्रपटांचे खेळ आखणं आणि त्यानंतरच्या चर्चा चालवणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यावरून पहिली गोष्ट सांगतो: तुमचा खेळ फसलेला नाही. तुम्ही नोंदवलेली एकही प्रतिक्रिया नवी नाही. या चित्रपटाच्या सत्तरहून जास्त वर्षांच्या आयुष्यात ती प्रत्येक प्रतिक्रिया कुठे ना कुठे उमटून गेली आहे, एकदा तर न्यायालयातसुद्धा. त्यामुळे कोण बरोबर हे ठरवण्याआधी, प्रत्येक जण कुठे बसून पाहत होता ते बघू. खुर्ची कुठली हा प्रश्न नाही. चित्रपटाच्या आत त्याने स्वतःला कुठली जागा दिली होती हा आहे.

त्यासाठी चित्रपट एकदा डोळ्यांसमोर आणू. एक तुरुंग. शेजारशेजारच्या दोन कोठड्यांत दोन कैदी, एक वयाने मोठा, दुसरा तरुण. मधे जाड भिंत. बाहेर पहारेकरी. दाराच्या भोकाला डोळा लावून तो एकेका कोठडीत डोकावतो आणि प्रत्येक भोकातून त्याला एकेकटा पुरुष आपल्याच शरीराशी गुंतलेला दिसतो. थोरला भिंतीवर टकटक करतो, भिंतीला ओठ लावतो. भिंतीला एक बारीक छिद्र आहे. त्यातून गवताची काडी आरपार जाते, आणि एकाने ओढलेला सिगारेटचा धूर त्या काडीतून दुसऱ्याच्या तोंडात उतरतो. पुढे पहारेकरी थोरल्याच्या कोठडीत शिरतो, कमरेचा पट्टा काढून त्याला बडवतो, शेवटी पिस्तुलाची नळी त्याच्या तोंडात खुपसतो. मार चालू असतानाच मधेमधे एका रानातली दृश्यं येतात: तेच दोघे कैदी, उघड्यावर, फुलांशी खेळताहेत, पळताहेत. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेल्या पुरुषदेहांची वेगळीच दृश्यमाला आहे. ती कोणाच्या मनातली, हे चित्रपट सांगत नाही. आणि सुरुवातीपासून परतपरत येणारी एक प्रतिमा: एका खिडकीतून बाहेर आलेला हात दोरीला बांधलेली फुलं झुलवतो, शेजारच्या खिडकीतला हात ती पकडू पाहतो, फुलं निसटतात.

आता संकलनाकडे लक्ष द्या, कारण सगळी मेख तिथे आहे. पहिल्या काही मिनिटांत कॅमेरा आपल्याला पहारेकऱ्याच्या डोळ्याला जोडून देतो. आधी डोळा, मग भोक, मग देह. पुन्हा डोळा, पुन्हा देह. प्रेक्षकाला चोरून पाहणाऱ्याच्या जागी इतक्या उघडपणे बसवणारे चित्रपट तेव्हा फार नव्हते. तुमच्या मागच्या रांगांमधलं हसू मला इथलं वाटतं. आपण डोकावतो आहोत आणि शेजारी बसलेल्याला ते दिसतं आहे, या संकोचातून ते येतं. चित्रपटाला ध्वनिपट्टी नाही, म्हणून ते हसू लपतही नाही. बोलपटात असल्या दृश्यावर संगीत येतं आणि प्रेक्षकाची लाज झाकून टाकतं. इथे खुर्चीची कुरकूर आणि आवंढा गिळल्याचा आवाजसुद्धा कानावर येतो. जनेने हे ठरवून केलं का, असं मला नेहमी विचारतात. माझ्या मते त्याने काय ठरवलं होतं याने फरक पडत नाही; सभागृहात घडतं ते हे.

पण काडीच्या प्रसंगात पाहा काय होतं. धूर भिंतीच्या या बाजूने निघतो आणि त्या बाजूला पोहोचतो, आणि कॅमेरा दोन्ही बाजूंना आहे. पहारेकऱ्याला ते शक्य नाही. त्याच्या भोकातून एका वेळी एकच कोठडी दिसते, आणि एकच कोठडी पाहिली तर दिसतो तो वासनेने तळमळणारा एकटा माणूस. भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम दिसल्या तरच कळतं की हा माणूस एकटा नाही, त्याचं कोणाशी तरी काही चाललेलं आहे. रानातली दृश्यंही पहारेकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. आणि शेवटी दुसऱ्या खिडकीतला हात ती फुलं एकदाची झेलतो, तेव्हा पहारेकरी पाठ फिरवून चालू लागलेला असतो. ज्याने सगळं पाहायचा अट्टहास धरला, त्याला नेमकी तीच गोष्ट दिसत नाही. म्हणून तुमच्या ज्येष्ठ सभासदांना मी चूक म्हणणार नाही. भोकातून जे दिसतं ते त्यांनी अचूक पाहिलं. चित्रपटाने पुढे त्यांना भोकापासून उठवलं होतं; ते मात्र तिथेच बसून राहिले.

त्यांच्याआधी तिथे बरेच मोठे लोक बसून राहिले आहेत, म्हणून थोडा इतिहास.

जने १९१० चा. अनाथालयाच्या वाटेने वाढलेला, चोऱ्यांसाठी वारंवार तुरुंगात गेलेला, पहिली कादंबरी तुरुंगातच लिहिलेला. पुढची शिक्षा टळावी म्हणून कवी-चित्रपटकर्ता ज्याँ काक्तो आणि तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी राष्ट्राध्यक्षांकडे रदबदली केली आणि १९४९ मध्ये त्याला माफी मिळाली. दुसऱ्याच वर्षी त्याने हा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर हा एवढा एकच. पैसा उभा केला निको पापाताकिसने. पॅरिसमधला ‘ला रोझ रूज’ हा रात्रीचा क्लब तो चालवत असे. पात्रांमध्ये नावाजलेले नट नव्हते, जनेच्या ओळखीची, त्याच्या वर्तुळातली माणसं होती. पण छायाचित्रण व्यावसायिक हाताचं आहे, आणि ते प्रत्येक चौकटीत दिसतं. हौशी खटाटोप म्हणून हा चित्रपट निकालात काढणाऱ्यांनी ते केवळ पाहिलेलं नसतं.

फ्रान्समध्ये प्रौढ पुरुषांमधले संबंध १७९१ पासून गुन्हा नव्हते. १९४२ च्या कायद्याने समलिंगी संबंधांसाठी संमतिवयाची वेगळी, चढी अट घातली आणि ती १९८२ पर्यंत टिकली, हे खरं. तरी प्रौढांच्या कृतीला कायद्याची आडकाठी नव्हती. पडद्यावर दाखवायला मात्र होती. १९५० च्या फ्रान्समध्ये या चित्रपटाला प्रदर्शनाचा परवाना मिळण्याची शक्यता शून्य होती, आणि करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. म्हणून सुरुवातीला प्रती गेल्या त्या खासगी संग्राहकांकडे, चोरटी शृंगारिक चित्रं जमवणाऱ्या श्रीमंतांकडे. म्हणजे याचा पहिला प्रेक्षकवर्ग हा दार लावून, एकट्याने पाहणारा होता. प्रेमगीत नाव असलेल्या चित्रपटाच्या नशिबी पहिले प्रेक्षक आले तेही भोकाला डोळा लावणारेच, याचं मला कधी हसू येतं, कधी वाईट वाटतं.

सामुदायिक प्रेक्षक मिळवून देण्याची धडपड झाली ती अमेरिकेत. योनास मेकास हा लिथुएनियातून आलेला कवी आणि चित्रपटकर्ता न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र, भूमिगत सिनेमाचा आधारवड होता. मार्च १९६४ मध्ये जॅक स्मिथ या भूमिगत चित्रपटकर्त्याचा ‘फ्लेमिंग क्रीचर्स’ दाखवला म्हणून पोलिसांनी त्याला पकडलं. सुटल्यावर त्याने काय करावं? काही दिवसांतच जनेचा चित्रपट लावला, आणि पुन्हा अटक करवून घेतली. ‘फ्लेमिंग क्रीचर्स’च्या खटल्यात त्याला ६० दिवसांची शिक्षा झाली, पण ती स्थगित राहिली. जनेच्या चित्रपटावरचा आरोप मात्र मागे घेण्यात आला. कारण उघड होतं. तोवर जने हा जगभर वाचला जाणारा लेखक आणि नाटककार होता, त्याची नाटकं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर झाली होती. जॅक स्मिथच्या मागे असं वजन नव्हतं. दोन चित्रपट, तेच शहर, तोच महिना आणि तोच आरोपी. फरक पडला तो लेखकाच्या नावाने.

पण नावाची ही ढाल पुढे टिकली नाही. सॉल लँडाउने कॅलिफोर्नियात बर्कली इथे हा चित्रपट दाखवायचं ठरवलं. पोलिसांनी बजावलं की दाखवलात तर जप्त करू. लँडाउ न्यायालयात गेला, की हा चित्रपट अश्लील नाही असं जाहीर करा. तो हरला. १९६६ मध्ये अपील न्यायालयानेही चित्रपट अश्लीलच ठरवला. लेखक थोर असेल, पण त्याने हे काम थोर होत नाही, असा एकूण सूर. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल कायम केला, कारणमीमांसा न देता. ‘लँडाउ विरुद्ध फोर्डिंग’ (फोर्डिंग म्हणजे बर्कलीचा पोलीसप्रमुख) या नावाने तो खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, जी या चित्रपटाच्या चाहत्यांना फारशी रुचत नाही. बचाव करणाऱ्यांची मांडणी लंगडी होती. त्यांचा सगळा भर जने किती मोठा साहित्यिक आहे, सार्त्रने त्याच्यावर केवढा ग्रंथ लिहिला आहे, यावर राहिला. चित्रपट काय करतो, कॅमेरा कुठे उभा आहे, भिंतीच्या दोन्ही बाजू दाखवण्याचा अर्थ काय, यावर बोलणारे थोडे. आजही खेळाच्या आधी परिचय करून देणारे वक्ते हेच करतात. दहा मिनिटं जनेचं चरित्र, पाच मिनिटं बंदीचा इतिहास, आणि मग दिवे बंद. प्रेक्षकाला वाटतं, आता काहीतरी भयंकर येणार. आणि मग जे येतं ते आजच्या नजरेला एक तर मवाळ वाटतं किंवा निव्वळ उत्तान. दोन्ही बाबतींत तो फसवला जातो. तुमच्या परिचयात ‘जगभर बंदी आलेला’ असं काही होतं का, ते जरूर आठवून पाहा.

खुद्द जनेची प्रतिक्रिया तर आणखी अडचणीची. पुढेपुढे तो या चित्रपटापासून लांब राहू लागला. १९७५ मध्ये फ्रान्सच्या सरकारी चित्रपट केंद्राने या पंचवीस वर्षं जुन्या कामाला बक्षीस देऊ केलं, आणि जनेने ते नाकारलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्या राज्याच्या तुरुंगात बसून माणूस लेखक झाला, त्याच राज्याने एवढ्या वर्षांनी त्याच्या तुरुंगपटाला शाबासकी द्यावी आणि त्याने ती मुकाट्याने खिशात घालावी, हे त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतंच.

आता तुमच्या तरुण सभासदाकडे येऊ, कारण त्याचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो.

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी लोकांच्या बारमध्ये पोलिसांविरुद्ध उठाव झाला आणि त्यानंतर समलिंगी हक्कांची चळवळ उघड्यावर आली. त्या पिढीला पडद्यावर स्वतःला पाहायचं होतं ते ताठ मानेने: रस्त्यावर, घरात, मित्रांमध्ये. त्यांच्यासाठी जनेचं जग म्हणजे नेमकं जे मागे टाकायचं ते सगळं. कोठडी, गुन्हेगारी, मार खाण्यातलं सुख, भिंतीशी केलेला प्रणय. शिवाय पहारेकऱ्याच्या क्रौर्यामागेही दबलेली समलिंगी वासनाच दाखवली आहे, म्हणजे पीडित समलिंगी आणि पीडकही समलिंगीच. हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आहे आणि तो भाबडा नाही. त्यात मी माझी एक भर घालतो. तुरुंगातला काळा कैदी बेभान नाचतो तो प्रसंग मला प्रत्येक वेळी खटकतो. बाकीच्यांना स्वप्नं आहेत, याला फक्त देह आहे. वसाहतवादी फ्रान्सची नजर त्यात आहे, आणि जनेने पुढे काळ्या लोकांच्या बाजूने कितीही लिहिलं, लढ्यांत उतरला, तरी हा प्रसंग त्याने धुऊन निघत नाही. चर्चेत कोणी हे बोललं तर ‘तो काळच तसा होता’ म्हणून त्याला गप्प करू नका.

मग हा चित्रपट टिकला कसा? माझ्या मते, ताठ मानेच्या प्रतिमा भरपूर झाल्यावर पुढच्या पिढीला त्यात गुदमरायला झालं. १९८० च्या दशकात एड्सने माणसं मरत होती, सरकारं तोंड फिरवत होती, वृत्तपत्रं समलिंगी देहाकडे रोगाचं घर म्हणून पाहत होती. पहारेकरी परत आला होता. अशा वेळी सभ्य, समजूतदार, शेजाऱ्यांना आवडतील असे नायक कामाचे नव्हते. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने १९८२ मध्ये जनेच्या कादंबरीवरून ‘केरेल’ केला. अमेरिकी दिग्दर्शक टॉड हेन्सच्या १९९१ च्या ‘पॉयझन’मध्ये तीन कथा एकमेकींत गुंफल्या आहेत आणि त्यातली एक सरळ जनेच्या तुरुंगातून आलेली. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास सरकारी अनुदानाचे पैसे असल्या चित्रपटाला दिलेच कसे म्हणून अमेरिकेत ओरड झाली. म्हणजे पुरस्कार आणि भोकाला लावलेला डोळा दोन्ही एकाच वेळी! या चित्रपटकर्त्यांनी जनेकडून आदर्श प्रेमी घेतले नाहीत. त्यांनी घेतली ती भिंत, आणि भिंतीतून काहीतरी पलीकडे पोहोचवण्याची युक्ती. तुमच्या तरुण मित्राने जनेचं जग नाकारलं तर नाकारू द्या. फक्त त्याला विचारा की काडीच्या प्रसंगातही त्याला स्वतःचा द्वेष दिसला का. मी असं विचारतो तेव्हा बहुधा मतं बदलत नाहीत, पण बोलणं चित्रपटाबद्दल होऊ लागतं.

उठून गेलेल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काहींना कंटाळा आला असेल, काहींना धक्का बसला असेल, आणि एखाद्याला चित्रपट फार जवळचा वाटला म्हणून चारचौघांत बसवलं नसेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. त्यांच्या मागे जाऊन कारण विचारू नका. दार उघडं ठेवा, बाहेर बसायला जागा ठेवा.

पुन्हा दाखवणार असाल तर काही गोष्टी. या चित्रपटावर पुढे काहींनी संगीत चढवलं आहे. जमेल तिथे बिनसंगीताची आवृत्ती दाखवा, आणि शांतता जड होते म्हणून स्वतःहून मागे काही वाजवू नका. पंखे किंवा वातानुकूलनाचा आवाज मोठा असेल तर आधी सभागृह गार करून घ्या आणि खेळापुरतं ते बंद ठेवा. काटछाट केलेल्या प्रतीही फिरत असतात. लांबी २५-२६ मिनिटांपेक्षा बरीच कमी दिसली तर ती प्रत वापरू नका. काटणारे नेहमी उत्तान भाग काटतात, आणि मग मार आणि पिस्तूल तेवढं उरतं. तसा तुकडा पाहून तुमच्या मित्राचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल.

परिचय दोन मिनिटांत उरका. नग्नता आहे, हस्तमैथुन आहे, मारहाण आहे, तोंडात पिस्तूल घालण्याचं दृश्य आहे, हे साध्या शब्दांत सांगा. त्यात ना बढाई हवी ना माफी. चित्रपट मूक आहे आणि मधे पाट्याही नाहीत, हेही सांगा, नाहीतर पहिली तीन मिनिटं लोक तंत्रज्ञाकडे वळून बघत बसतात. खेळाच्या वेळी फोटो काढायला सक्त मनाई करा. पडद्याच्या उजेडात शेजाऱ्याचा चेहरा दिसतो, आणि अशा खेळाला आपण आलो होतो हे जगाला कळणं प्रत्येकाला परवडत नाही. बंदीचा सगळा इतिहास चर्चेसाठी राखून ठेवा.

सोबत काय लावावं हेही ठरवावं लागेल, कारण २६ मिनिटांत संध्याकाळ होत नाही. अमेरिकी चित्रपटकर्ता केनेथ अँगरचा ‘फायरवर्क्स’ (१९४७) हा लहानसा चित्रपट आधी लावणं मला आवडतं. तोही एका तरुणाचं स्वप्न, त्यातही गणवेशातल्या पुरुषांचं आकर्षण आणि मार, पण त्यात एक मिश्कीलपणा आहे आणि लोकांना मोकळेपणाने हसता येतं. ते हसू आधीच हसून झालेलं असलं की जनेच्या वेळी नुसत्या संकोचाचं हसू कमी होतं. दोन्हींमध्ये मध्यंतर नको, दिवे लावायचेही नाहीत. ‘पॉयझन’ त्याच दिवशी लावू नका. तो पूर्ण लांबीचा आहे, लोक त्याच्या कथांमध्ये अडकतात आणि चर्चा जनेवरून निघून जाते. त्याला पुढचा आठवडा द्या.

चर्चेची सुरुवात ‘अर्थ काय?’ या प्रश्नाने केलीत तर ज्येष्ठ सभासद पुन्हा तेच म्हणतील. त्याऐवजी विचारा: पहारेकऱ्याला काय काय दिसलं, आणि आपल्याला दिसलेलं त्याला काय दिसलं नाही? फळ्यावर दोन रकाने आखून लिहून घेतलंत तरी चालेल. दुसऱ्या रकान्यात पहिली नोंद कोण सांगतं ते पाहा. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा असं कोणीतरी असतं, ज्याने तोवर तोंड उघडलेलं नसतं.